ख्रिस्ती मंडळीतील ‘सेवक’ पद : निवड, पात्रता आणि उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर परिसरातील बहुभाषिक मंडळ्यांपुढील प्रश्न

प्रस्तावना

कोणत्याही धार्मिक समुदायाच्या जीवनात उपासनेइतकाच महत्त्वाचा असा एक व्यावहारिक भाग असतो. जमा झालेली वर्गणी कोणी सांभाळावी, आजाऱ्याच्या घरी कोणी जावे, विधवेला वा निराधाराला मदत कोणाच्या हातून पोहोचावी, हे प्रश्न दिसायला साधे वाटतात. मात्र समुदायातील परस्परविश्वास टिकतो की तुटतो, हे बहुधा याच प्रश्नांच्या उत्तरावर ठरते. ख्रिस्ती मंडळीने या कामासाठी अगदी आरंभीच्या काळात एक स्वतंत्र पद निर्माण केले. इंग्रजीमार्गे मराठीत रूढ झालेला ‘डीकन’ हा शब्द आणि मराठी बायबलमधील ‘सेवक’ हा शब्द याच पदाचे वाचक आहेत.

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील सलग शहरे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या अनुक्रमे ५,०६,०९८, २,५३,४७५ आणि १,७४,२२६ इतकी होती. दुसऱ्या महायुद्धकाळातील लष्करी छावण्यांच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथ येथे आयुधनिर्माणी व औद्योगिक वसाहतीमुळे देशाच्या निरनिराळ्या भागांतून कामगार आले, तर मुंबईत नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गाने बदलापुरात घरे घेतली. परिणामी येथील ख्रिस्ती समाज मराठी, मल्याळी, तामिळ, कोकणी, हिंदी, सिंधी अशा अनेक भाषकांचा बनला आहे. अशा मिश्र मंडळीत सेवकांची निवड कोणत्या तत्त्वावर व्हावी आणि त्यांची पात्रता कशी तपासावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी प्रथम या पदाचा उगम, नंतर महाराष्ट्रातील परंपरा आणि शेवटी या तीन शहरांतील परिस्थिती असा क्रम स्वीकारला आहे.

१. संज्ञेचा उगम आणि अर्थ

‘डीकन’ या शब्दाचे मूळ ‘दियाकोनोस’ या ग्रीक शब्दात आहे. पंक्तीत वाढणारा, निरोप पोहोचवणारा, दुसऱ्याच्या वतीने काम पार पाडणारा अशा अर्थच्छटा या शब्दाला आहेत. दीर्घकाळ अभ्यासकांनी त्यातील ‘नम्र सेवा’ या अर्थावरच भर दिला. १९९० मध्ये जॉन कॉलिन्स यांनी प्राचीन ग्रीक वाङ्मयातील उपयोगांची छाननी करून असे प्रतिपादन केले की, या शब्दाचा गाभा ‘सोपवलेले काम करणारा प्रतिनिधी’ असा आहे. हा भेद केवळ शब्दार्थापुरता मर्यादित नाही. सेवक हा मंडळीचा नोकर मानला तर त्याची निवड ही कामगार नेमण्यासारखी गोष्ट ठरते. तो मंडळीने विश्वासाने पाठवलेला प्रतिनिधी मानला, तर त्याच्या निवडीत साऱ्या मंडळीचा सहभाग आवश्यक ठरतो.

नव्या करारातील फिलिप्पैकरांस पत्राच्या प्रारंभी अध्यक्षांसमवेत सेवकांचाही उल्लेख येतो. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात किंख्रिया येथील मंडळीची सेविका म्हणून फिबी या स्त्रीचा निर्देश आहे. म्हणजेच पहिल्या शतकातच हे पद ओळखले जात होते आणि त्या नावाने स्त्रीचाही उल्लेख होत होता. तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत या कामाचा व्याप केवढा वाढला होता, हे रोमचा बिशप कॉर्नेलियस याच्या पत्रावरून कळते. तेथे सात सेवक होते आणि मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या विधवा व गरजूंची संख्या पंधराशेंहून अधिक होती. इतक्या लोकांच्या अन्नवस्त्राची व्यवस्था ही मोठ्या प्रशासनाची बाब होती, हे उघड आहे.

२. यरुशलेममधील निवड : क्रम आणि तत्त्व

या पदाची उगमकथा म्हणून ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायाकडे पाहिले जाते. तेथे निवडलेल्या सात जणांना ‘दियाकोनोस’ ही पदवाचक संज्ञा लावलेली नाही. ‘सेवा’ या अर्थाची त्याच धातूपासूनची रूपे मात्र येतात. दुसऱ्या शतकातील आयरेनियस याने स्तेफनाला पहिला सेवक म्हटले आणि तेव्हापासून हा प्रसंग या पदाचा आदर्श मानला गेला.

प्रसंग असा आहे. यरुशलेमच्या मंडळीत दोन भाषिक गट होते. एक तेथील इब्री–अरामी बोलणाऱ्यांचा आणि दुसरा बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांचा. रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार दुसऱ्या गटाने केली. प्रेषितांनी ही तक्रार दडपली नाही, तसेच वाटपाचे काम स्वतःच्या हातातही ठेवले नाही. त्यांनी सर्व मंडळीला एकत्र बोलावले, सात माणसे निवडण्यास सांगितले आणि ती कशी असावीत हे आधीच स्पष्ट केले : लोकांत चांगले नाव असलेली, आत्म्याने परिपूर्ण आणि शहाणी. मंडळीने निवड केली. प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले.

या वृत्तान्तातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली गोष्ट क्रमाची आहे. आधी निकष, मग नावे, त्यानंतर मंडळीची निवड आणि शेवटी नेतृत्वाची मान्यता. प्रत्यक्ष व्यवहारात हा क्रम अनेकदा उलटा होतो. आधी नाव मनात ठरते, मग त्या नावाला सोयीचे निकष शोधले जातात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत आणि त्यांतील अंत्युखियाचा नीकलाव हा तर यहुदी धर्म स्वीकारलेला परका माणूस होता. त्या काळी इब्री कुटुंबांतही ग्रीक नावे आढळत, म्हणून केवळ नावांवरून अंतिम निष्कर्ष काढता येत नाही. तथापि ज्या गटाची तक्रार होती त्या गटातील माणसांवरच वाटपाची जबाबदारी सोपवली गेली, हे अनुमान बहुतेक अभ्यासकांना ग्राह्य वाटते. विशेष म्हणजे या सात जणांकडे केवळ ग्रीक भाषकांच्या विधवा सोपवल्याचे वृत्तान्तात म्हटलेले नाही. अल्पसंख्य गटातील माणसांवर साऱ्या मंडळीने विश्वास टाकला, असाच त्याचा आशय आहे.

३. पात्रतेची कसोटी

पात्रतेचा सविस्तर विचार तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आढळतो. तेथील अपेक्षांचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतात. पहिला वर्ग वाणीचा : सेवक गंभीर असावा, दुतोंडी नसावा. दुसरा संयमाचा : तो मद्याच्या आहारी गेलेला नसावा आणि गैरमार्गाने मिळणाऱ्या पैशाचा लोभी नसावा. तिसरा श्रद्धेचा : त्याने शुद्ध विवेकबुद्धीने विश्वासाचे रहस्य जपावे. चौथा कुटुंबाचा : तो एकपत्नी असावा, मुलाबाळांची आणि घराची व्यवस्था चांगली ठेवणारा असावा. याशिवाय त्याची प्रथम पारख व्हावी आणि निर्दोष आढळल्यावरच त्याने सेवा करावी, अशी स्वतंत्र अट आहे.

याच अध्यायात अध्यक्षासाठी सांगितलेल्या गुणांशी तुलना केली असता एक फरक लक्षात येतो. अध्यक्ष शिकवण्यास निपुण असावा, अशी अट आहे; सेवकासाठी ती नाही. प्रभावी वक्तृत्व किंवा उच्च शिक्षण ही या पदाची पूर्वअट नव्हे. उलट पैसा, जीभ आणि घर या तीन गोष्टींवर सर्व भर आहे. सेवकाच्या कामाचे स्वरूप पाहता हे स्वाभाविकच आहे. तो दानाचा पैसा हाताळतो, अनेक घरांत जातो आणि त्या घरांतील दुःखे व उणिवा त्याला कळतात. एका घरातील गोष्ट दुसऱ्या घरी सांगणारा माणूस या कामासाठी अपात्र ठरतो, मग त्याची प्रार्थना कितीही ओघवती असो.

या अध्यायातील अकराव्या वचनात स्त्रियांविषयीच्या अपेक्षा येतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘स्त्री’ आणि ‘पत्नी’ असा दुहेरी आहे. मराठीत ‘बायका’ हा शब्द असाच दोन्ही अर्थांनी वापरला जातो. त्यामुळे हे वचन सेवकांच्या पत्नींविषयी आहे की सेविकांविषयी, याबाबत मतभेद आहेत. सेवकपद स्त्रियांना खुले असावे की नाही, या वादाचे एक मूळ येथे आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये स्त्रियांना दीक्षा दिली जाते. रोमन कॅथलिक चर्चमध्ये ती दिली जात नाही. मात्र पोप फ्रान्सिस यांनी २०१६ आणि २०२० मध्ये स्त्री-डीकनच्या प्रश्नाच्या अभ्यासासाठी आयोग नेमले होते.

४. महाराष्ट्रातील परंपरा : एक शब्द, भिन्न पदे

महाराष्ट्रातील मराठी मंडळ्यांच्या इतिहासात ‘डीकन’ या शब्दाने एकच पद सूचित होत नाही. ही बाब लक्षात न घेतल्यास निवडीविषयीची चर्चा भरकटते.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे मिशनचे काम सुरू झाले. हे मिशन प्रामुख्याने काँग्रिगेशनल परंपरेचे होते. या परंपरेत बिशप नसतो. स्थानिक मंडळी स्वतःचा पाळक आणि स्वतःचे सेवक निवडते. सेवक हा दीक्षित धर्मगुरू नसून मंडळीतील सामान्य सभासद असतो. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना अहमदनगर येथे पाळकपदाची दीक्षा मिळाली. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांनी १८५४–५५ मधील भेटीत गावोगावी एतद्देशीय पाळकांच्या हाताखाली लहान मंडळ्या स्थापन करण्याचा आग्रह धरला. मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा आणि स्वतःचा प्रसार स्वतः करावा, ही त्यामागील भूमिका होती. अशा मंडळीत वर्गणी गोळा करून तिचा हिशेब ठेवणाऱ्या स्थानिक माणसांवाचून काम चालणे शक्य नव्हते. हे दोन्ही पाळक ब्राह्मण कुटुंबांतून आलेले, तर नगर जिल्ह्यातील मंडळ्यांचे बहुसंख्य सभासद महार समाजातील. त्यामुळे नेतृत्व कोणाकडे आणि विश्वास कोणावर, हा प्रश्न महाराष्ट्रात भाषेआधी जातीच्या रूपाने उभा राहिला होता.

स्कॉटिश मिशनने प्रेस्बिटेरियन पद्धती आणली. या पद्धतीत मंडळीचे आध्यात्मिक शासन ‘वडील’ पाहतात आणि आर्थिक बाबी सेवकांकडे सोपवल्या जातात. १८४३ मध्ये स्वतंत्र झालेल्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये त्यासाठी सेवकांचे स्वतंत्र मंडळ असे. अँग्लिकन परंपरेत मात्र डीकन ही बिशपच्या हातून मिळणारी दीक्षा असून ती बहुधा पुढील दीक्षेची पहिली पायरी असते.

१९२४ मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियामध्ये एकत्र आल्या. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्थांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. या चर्चने बिशप, प्रेसबिटर आणि डीकन अशी त्रिस्तरीय सेवाव्यवस्था स्वीकारली. साहजिकच ज्या कुटुंबात आजोबा मंडळीने निवडलेले ‘डीकन’ होते, त्या कुटुंबातील नातवाच्या दृष्टीने ‘डीकन’ म्हणजे धर्मशिक्षण पूर्ण करून बिशपकडून दीक्षा घेतलेला तरुण असा अर्थ झाला. आजोबांचे जुने काम आता पास्टोरेट कमिटीचे सभासद आणि खजिनदार करतात. पद बदलले तरी कामाचे स्वरूप आणि त्यासाठी लागणारी पात्रता बदललेली नाही.

रोमन कॅथलिक चर्चमध्ये शतकानुशतके डीकनपद हे धर्मगुरू होण्यापूर्वीची पायरी एवढेच उरले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्थायी डीकनपदाच्या पुनरुज्जीवनाचा मार्ग मोकळा केला आणि पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये त्याचे नियम घालून दिले. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार अविवाहित उमेदवाराचे वय किमान २५ वर्षे, तर विवाहित उमेदवाराचे किमान ३५ वर्षे असावे लागते. विवाहिताच्या बाबतीत पत्नीची संमती अनिवार्य आहे आणि प्रशिक्षणाचा काळ तीन वर्षांचा आहे. अविवाहिताला ब्रह्मचर्याचे व्रत घ्यावे लागते आणि दीक्षेनंतर पत्नीचे निधन झाल्यास पुनर्विवाह करता येत नाही. असा डीकन आपला नोकरी-व्यवसाय सांभाळून बाप्तिस्मा, विवाह आणि अंत्यविधी यांचे पौरोहित्य करतो. मिस्साबलिदान अर्पण करणे व पापनिवेदन ऐकणे हे अधिकार मात्र त्याला नसतात. मुंबई महाधर्मप्रांतात असे विवाहित स्थायी डीकन कार्यरत आहेत. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सिरो-मलबार पंथाच्या कल्याण धर्मप्रांतातील मल्याळी कुटुंबांना तसेच ऑर्थोडॉक्स मल्याळी कुटुंबांना ‘शेम्माशन’ या नावाने हे पद परिचित आहे.

५. तीन शहरांतील मंडळी आणि मतदानाचा प्रश्न

वरील सर्व परंपरांतून आलेली माणसे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथे एकमेकांशेजारी राहतात. बाप्टिस्ट, पेंटेकोस्टल आणि स्वतंत्र मंडळ्यांत ती अनेकदा एकाच उपासनेला बसतात. अशा मंडळीत ‘डीकन निवडायचा आहे’ असे जाहीर झाल्यावर प्रत्येकाच्या मनात वेगळे चित्र असते. एखाद्याला तो लहान धर्मगुरू वाटतो, एखाद्याला खजिनदार, तर एखाद्याला समाजातील मानाचे पद. म्हणून नावे मागवण्यापूर्वी आपल्या मंडळीत या शब्दाचा अर्थ काय, अधिकार कोणते आणि मुदत किती, हे लेखी स्वरूपात सांगणे आवश्यक ठरते.

दुसरा प्रश्न मतमोजणीचा आहे. वार्षिक सभेत साध्या बहुमताने सर्व जागा भरल्यास सर्वांत मोठ्या भाषिक गटाला सर्व जागा मिळू शकतात. यात नियमभंग काहीच होत नाही. तथापि यरुशलेममधील तक्रारीला जे कारण घडले, तेच येथे नियमानुसार पुन्हा घडते. जिच्या भाषेत बोलणारा एकही सेवक नाही, अशी वृद्ध विधवा आपली अडचण सांगायला संकोचते आणि सांगितलीच तर ती अर्धवट पोहोचते. २६ जुलै २००५ च्या महापुराने या परिसराला झोडपले. २०२० च्या टाळेबंदीत रोजंदारीवरील कुटुंबांची मिळकत थांबली. अशा वेळी मदतीची यादी कोण करतो आणि त्याला कोणाकोणाची घरे माहीत आहेत, यावर कोणाच्या घरात धान्य पोहोचते हे अवलंबून असते. यादीतून सुटलेले घर बहुधा वाईट हेतूने सुटलेले नसते. ते यादी करणाऱ्याच्या ओळखीत नसते.

यावर प्रत्येक भाषेसाठी राखीव जागा हा उपाय सुचतो. परंतु त्यातही धोका आहे. मल्याळी सेवक मल्याळींचा आणि मराठी सेवक मराठींचा, अशी विभागणी झाली की सेवक गटाचा वकील बनतो. यरुशलेमच्या मंडळीने असे केले नव्हते. म्हणून अधिक योग्य मार्ग असा दिसतो की, नावे सुचवताना प्रत्येक भाषिक गटातून पात्र व्यक्तींचा शोध घ्यावा, मतदान मात्र सर्वांनी सर्वांसाठी करावे आणि निवडलेल्या सेवकांना भाषेनुसार नव्हे तर वस्तीनुसार घरे वाटून द्यावीत. मोठ्या गटाने लहान गटातील योग्य माणसाला स्वतःहून मत देणे ही या पद्धतीची खरी परीक्षा आहे. बहुभाषिक मंडळीत ‘दुतोंडी नसावा’ या अटीलाही वेगळी धार येते. सेवकाला दोन भाषा येणे हा गुण आहे; दोन भाषांत दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगणे हा दोष आहे.

तिसरा प्रश्न पारख करण्याच्या काळाचा आहे. या शहरांत नव्याने राहायला येणाऱ्यांचे प्रमाण मोठे असल्याने उमेदवाराची पूर्वपीठिका इतरांना ठाऊक असतेच असे नाही. पूर्वीच्या मंडळीचे पत्र हा एक आधार आहे, पण ते पुरेसे नाही. सहा महिने किंवा वर्षभर आजाऱ्यांच्या भेटी, वर्गणीची मोजणी, साहित्याची देखभाल अशी लहान कामे सोपवून पाहणे हाच मूळ वचनातील ‘पारख’ या शब्दाला धरून असलेला मार्ग होय. आयुधनिर्माणीत पाळीने काम करणारा कामगार किंवा रोज पहाटेची लोकल पकडणारा नोकरदार यांच्याजवळ वेळ किती आहे, हेही याच काळात कळते. वेळ नसणे हा दोष नाही. मात्र वेळ नसताना पद स्वीकारल्याने गरजू माणूस ताटकळतो. घराची व्यवस्था ही पात्रतेची अट याही अर्थाने घ्यावी लागेल. मंडळीच्या सेवेसाठी ज्याच्या स्वतःच्या घराची उपेक्षा होते, त्याची निवड घाईने करू नये. कॅथलिक चर्चने पत्नीची संमती आवश्यक मानली आहे, त्यामागील विचार इतर मंडळ्यांनाही उपयुक्त ठरेल.

६. कायद्याची चौकट

सेवकाची निवड ही धार्मिक बाब असली तरी तिचे कायदेशीर परिणाम होतात. मंडळी सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली असल्यास तिला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. निवडलेले सेवक विश्वस्तही असतील, तर कलम २२ अन्वये हा बदल ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयास कळवावा लागतो. ‘चेंज रिपोर्ट’ या नावाने ओळखला जाणारा हा अर्ज वेळेवर न दिल्यास प्रत्यक्ष कारभार एका मंडळाकडे आणि सरकारी नोंदीत नावे दुसऱ्यांची, अशी स्थिती उद्भवते आणि तीच पुढे वादाचे मूळ ठरते. त्याच अधिनियमानुसार नियमित हिशेब ठेवणे आणि त्यांची लेखापरीक्षा करून घेणे बंधनकारक आहे. अधोलोभी नसण्याची प्राचीन अट आणि लेखापरीक्षेची आधुनिक अट या एकमेकींना पर्याय नाहीत. प्रामाणिक माणसालाही संशयापासून वाचवण्यासाठी पावतीपुस्तक आणि दोघांच्या सह्या आवश्यक असतात.

विवाहाच्या बाबतीत डीकन या पदाचा अर्थ विशेष महत्त्वाचा ठरतो. भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, १८७२ च्या कलम ५ नुसार बिशपकडून दीक्षा मिळालेली व्यक्ती आपल्या चर्चच्या नियमांप्रमाणे विवाह लावू शकते, तसेच त्या अधिनियमाखाली परवाना मिळालेला धर्मसेवकही लावू शकतो. मंडळीने मतदानाने निवडलेल्या सेवकाला केवळ त्या निवडीमुळे हा अधिकार प्राप्त होत नाही. हा फरक न समजल्यास त्याचे दुष्परिणाम नवदांपत्याला भोगावे लागतात.

७. समारोप

एकूण विवेचनावरून असे दिसते की, सेवक हे पद एका भाषिक गटाच्या न्याय्य तक्रारीला मिळालेले उत्तर म्हणून जन्माला आले. परंपरेनुसार त्याचे स्वरूप कुठे दीक्षित धर्मसेवकाचे, कुठे मतदानाने निवडलेल्या सभासदाचे झाले असले, तरी पैसा, वाणी आणि घर या तीन बाबींतील विश्वासार्हता ही त्याची पात्रता सर्वत्र समान राहिली आहे. निकष आधी व नावे नंतर, पुरेशा काळाची पारख, लहान गटांतील पात्र व्यक्तींचा जाणीवपूर्वक शोध आणि कायदेशीर नोंदींची पूर्तता या चार गोष्टी पाळल्यास निवडीतील बहुतेक वाद टळू शकतात.

हा प्रश्न ख्रिस्ती समाजापुरता मर्यादित नाही. स्थलांतरातून घडलेल्या शहरांत गृहनिर्माण संस्था, पतपेढ्या, उत्सव मंडळे अशा प्रत्येक सामूहिक संस्थेपुढे तो या ना त्या रूपात उभा असतो. संख्येने थोड्या असलेल्यांच्या हाती किल्ली देण्याची तयारी बहुसंख्यांकडे आहे का, हे तेथेही तपासून पाहता येईल. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील मिश्र मंडळ्यांपुढे हे तपासण्याची संधी प्रत्येक वार्षिक सभेत येते.